पानगळीतली नॅरोबोट: इंग्लंडच्या कालव्यांवर चार-पाच दिवस काढताना

ऑक्टोबरची हाफ-टर्म, म्हणजे शाळांची मधली सुट्टी, जवळ आली की इथल्या ओळखीच्या एखाद्या तरी मराठी घरातून फोन येतो: नॅरोबोट, म्हणजे आत राहता येईल अशी कालव्यातली लांब-अरुंद बोट, भाड्याने घेतलीय, काही सांगण्यासारखं आहे का? परत आल्यावरच्या तक्रारीही दरवर्षी त्याच. अंधार पडला तरी ठरलेल्या गावी पोचलो नाही. बोट मधेच ओढेनाशी झाली. लॉकमध्ये, म्हणजे पाणी भरून किंवा सोडून बोट वर-खाली नेणाऱ्या हौदात, बोट तिरकी झाली आणि सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

या तिन्ही गोष्टी टाळता येतात. बोट ताब्यात देताना माणूस तासभर सगळं समजावतो, पण मुलं इकडेतिकडे पळत असतात, सामान चढवायचं असतं, आणि निम्मं कानावरून जातं. म्हणून हा लेख सविस्तर आणि क्रमाने लिहिला आहे. तो मिडलँड्समधल्या, म्हणजे मध्य इंग्लंडमधल्या, अरुंद कालव्यांवर, ४५ ते ६० फुटी भाड्याच्या बोटीने जाणाऱ्यांसाठी आहे. अशी बोट चालवायला तुमच्याकडे परवाना लागत नाही. म्हणूनच तयारी तुम्हालाच करायची आहे.

## टप्पा १: उजेड मोजा, मग मार्ग ठरवा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, घरी, नकाशासमोर बसून.

कालव्यावर वेगमर्यादा ताशी ४ मैल आहे. प्रत्यक्षात सरासरी ३ च्या वर जात नाही, कारण काठाला बांधलेल्या प्रत्येक बोटीजवळून अगदी हळू जावं लागतं. एका लॉकला १५ ते २० मिनिटं लागतात. यावरून सोपा हिशेब: मैल आणि लॉक यांची बेरीज करा, तिला ३ ने भागा; तेवढे तास. १२ मैल आणि ९ लॉक म्हणजे २१. भागिले ३, सात तास.

आता उजेड बघा. मिडलँड्समध्ये ऑक्टोबरच्या सुरुवातीला सूर्य पावणेसातच्या सुमारास मावळतो. महिन्याच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास मागे जातं आणि सूर्यास्त एकदम पावणेपाचवर येतो. भाड्याची बोट अंधारात चालवायची नसते. बहुतेक करारांत ते स्पष्ट लिहिलेलं असतं. सकाळी आवरून निघायला साडेआठ-नऊ होतात, दुपारचं जेवण आहे, पाणी भरायला थांबणं आहे. हाफ-टर्मच्या आठवड्यात हाती निव्वळ पाच तास उरतात, फार तर साडेपाच.

याच कारणाने मी लोकांना ‘रिंग’, म्हणजे फिरून सुरुवातीच्या जागी आणणारा गोल मार्ग, करू नका म्हणून सांगते. फोर काउंटीज रिंग म्हणजे ११० मैल आणि ९४ लॉक. आपल्या हिशेबाने ६८ तास. जूनमध्ये मोठा उजेड आणि सहा धडधाकट माणसं असली तर आठवड्यात होते. ऑक्टोबरअखेर ती करायला गेलात तर सहाव्या दिवशी जेमतेम निम्म्या वाटेवर असाल, आणि रिंगमध्ये मागे फिरूनही उपयोग नसतो.

त्याऐवजी जायचं आणि त्याच वाटेने परतायचं असा मार्ग निवडा. तो कुठेही कापता येतो. दोन चांगले पर्याय:

- ॲशबी कालवा. मार्स्टन जंक्शनपासून स्नेअरस्टोनपर्यंत २२ मैल, वाटेत एकही लॉक नाही. लहान मुलं किंवा गावाहून आलेले आई-बाबा सोबत असतील तर पहिल्या खेपेला डोळे झाकून हाच.
- लँगॉलेन कालवा, ट्रेवर ते एल्समियर या भागात. लॉक फक्त दोन, आणि पाँटकसिल्टे हा ३०७ मीटर लांब, ३८ मीटर उंच जलसेतू वाटेत लागतो. त्याच्या एका बाजूला पायवाट आणि कठडा आहे. दुसऱ्या बाजूला लोखंडी कुंडाची कड आणि खाली दरी. ओलांडताना मुलं बोटीच्या आत किंवा पायवाटेच्या बाजूला, हे आधीच ठरवा. या कालव्याला थोडा प्रवाहही आहे, त्यामुळे लँगॉलेनकडे जाताना परतीपेक्षा जास्त वेळ लागतो.

तपासा: परत कुठे फिरणार? बोट कालव्याच्या रुंदीपेक्षा लांब असते, हवी तिथे वळत नाही. वळवण्यासाठी काठ आत कापून केलेल्या जागा नकाशावर दाखवलेल्या असतात. त्यांना इथे ‘विंडिंग होल’ म्हणतात, वाऱ्याच्या ‘विंड’सारखा उच्चार. तुमच्या बोटीच्या लांबीला ती जागा पुरते ना, हे निघण्याआधी विचारून घ्या.

## टप्पा २: कालवा उघडा आहे ना?

इंग्लंड-वेल्समधले सुमारे २,००० मैलांचे जलमार्ग कॅनल अँड रिव्हर ट्रस्टकडे आहेत. नोव्हेंबर ते मार्च हा त्यांचा दुरुस्तीचा हंगाम. लॉक रिकामे करून दारं बदलतात, तेवढे दिवस तो भाग बंद. उन्हाळा कोरडा गेला असेल तर जलाशय ऑक्टोबरातही खाली असतात आणि काही लॉक ठरावीक वेळेतच उघडतात किंवा बंदच राहतात.

ट्रस्टच्या संकेतस्थळावर हे सगळं आधी जाहीर होतं. बुकिंगच्या वेळी एकदा, निघण्याच्या आदल्या दिवशी एकदा आणि मग रोज सकाळी चहाबरोबर एकदा बघा. मोठे बोगदे असतील तर त्यांच्या वेळाही बघून ठेवा. हिवाळी वेळापत्रक सुरू झालं की काही ठिकाणी आधी नोंदवावं लागतं.

## टप्पा ३: सामान

बॅगा मऊ घ्या. चाकांची कडक सुटकेस बोटीत ठेवायला जागाच नसते.

सुकाणू धरणारा माणूस बोटीच्या शेपटाला, उघड्यावर, तासन्‌तास उभा असतो. चालताना थंडी वाजत नाही, उभं राहून वाजते. पावसाळी पँट आणि जाकीट, कानटोपी, आणि हातमोज्यांचे माणशी दोन जोड, कारण दोर ओले असतात आणि पहिला जोड अकरा वाजेपर्यंत भिजतो. बूट खोल खाचांच्या तळव्याचे. चपला, क्रॉक्स, गुळगुळीत तळव्याचे स्पोर्ट्स शूज नकोत. लॉकच्या काठच्या विटांवर ओली पानं चिकटतात तेव्हा त्या जागेचा शेवाळलेला घाट होतो.

डोक्याला बांधायचा दिवा दोन जणांकडे तरी हवा. थर्मास मोठा घ्या.

लाइफ जॅकेट किती आहेत आणि कोणत्या मापाची, ते बुकिंग करतानाच विचारा. आपल्यापैकी कितीतरी मोठ्या माणसांना पोहता येत नाही आणि ते सांगायला ती संकोचतात. सरळ विचारा. ज्याला येत नाही त्याने बाहेर असताना जॅकेट घालायचंच, वय साठ असलं तरी. मुलांना तर डेकवर पाय ठेवण्याआधी.

दिवाळी बोटीवर येणार असेल तर: पणत्या बॅटरीच्या. केबिन आतून लाकडाची, पडदे हाताच्या अंतरावर आणि गॅसचे सिलिंडर बहुतेक बोटींत पुढच्या टोकाच्या कप्प्यात. उघडी ज्योत आणि फटाके कुठेच नकोत. फराळ घरून करून न्या. बोट बांधलेली असली तरी शेजारून कोणी जोरात गेलं की ती हलते, आणि गॅसवर तेलाची कढई असते.

## टप्पा ४: बोट ताब्यात घेताना

दोन मोठ्या माणसांनी ऐकायचं, तिसऱ्याने मुलांना घेऊन फिरायला जायचं. समजावणाऱ्याची परवानगी घेऊन मोबाइलवर चित्रण करा; दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिनाचं झाकण उघडल्यावर त्याची किंमत कळते.

नुसतं ऐकू नका, पुढच्या गोष्टी स्वतःच्या हाताने करून बघा:

1. इंजिन सुरू आणि बंद. न्यूट्रल नेमकं कुठे लागतं ते हाताला कळू द्या.
2. तेलाची कांडी काढून पातळी बघणं.
3. स्टर्न ग्रीसरची टोपी फिरवणं. बोट ढकलणाऱ्या पाण्यातल्या पंख्याचा दांडा जिथून बाहेर जातो तिथून पाणी आत येऊ नये म्हणून रोज ग्रीस दाबावं लागतं. काही बोटींना हे लागत नाही, तर तसं विचारून घ्या.
4. वीड हॅच, म्हणजे पंख्यापर्यंत हात पोचवायचं झाकण, उघडणं आणि बंद करणं. पानगळीत हे सगळ्यात महत्त्वाचं.
5. हीटिंग चालू करणं. कोळसा-लाकडाची शेगडी असेल तर ती पेटवणं.
6. कार्बन मोनॉक्साइडच्या अलार्मचं टेस्ट बटण.
7. विंडलास मोजणं. लॉकच्या झडपा फिरवायचं हे काटकोनी हँडल. दोन असतील तर तिसरं मागा, कारण एक हमखास पाण्यात जातं.

सावधान: केबिनच्या दारातल्या आणि छतातल्या झरोक्यांतून गार वारा येतो म्हणून लोक त्यात टॉवेल कोंबतात. कधीही करू नका. शेगडी आणि गॅस जळतो त्या खोलीत तुम्ही झोपणार आहात. थंडी वाजली तर पांघरूण वाढवा. ऊब यावी म्हणून गॅसची शेगडीही पेटती ठेवू नका.

## टप्पा ५: सुकाणू

टिलर, म्हणजे सुकाणूची दांडी, डावीकडे ढकलली की बोटीचं तोंड उजवीकडे जातं. पहिल्या दहा मिनिटांत प्रत्येक जण उलटं करतो, मग हाताला सवय होते. बोट मधोमध फिरते, म्हणजे तोंड उजवीकडे वळतं तेव्हा शेपूट डावीकडे सरकतं. ते काठाला घासत नाही ना, याकडे लक्ष ठेवा.

ब्रेक नाही. थांबायचं तर न्यूट्रल, मग रिव्हर्स, आणि सोळा-सतरा टनांचं लोखंड थांबायला वेळ घेतं. रिव्हर्समध्ये सुकाणू जवळजवळ काम करत नाही, न्यूट्रलमध्येही नाही. वळायचं तर पंखा पुढे फिरत असायला हवा.

समोरून बोट आली की आपण उजवीकडे, इथल्या रस्त्याच्या उलट. फार आधी काठाला लागू नका, कडेला गाळ असतो आणि त्यात आता पानांचा थर. जवळ येईपर्यंत मधून चला, मग थोडं उजवीकडे, गेली की परत मध्ये.

वारा हा शरदातला खरा त्रास. बोटीचा तळ सपाट, बाजू उंच. आडवा वारा तिला सरळ काठावर नेऊन बसवतो, आणि अशा वेळी वेग कमी केला की जास्तच नेतो. थोडी गती ठेवा, तोंड वाऱ्याकडे किंचित कलतं ठेवा. जोराच्या झोतांचा इशारा असेल तर त्या दिवशी बांधून ठेवा आणि पत्ते खेळा. जलसेतूवर तर वाऱ्यात जाऊच नका.

दर तासाला माणूस बदला. गारठलेला माणूस उशिरा निर्णय घेतो आणि ते त्याला स्वतःला कळत नाही.

कुणी पाण्यात पडलं तर: आधी न्यूट्रल, लगेच इंजिन बंद. रिव्हर्स अजिबात नाही, पंखा त्याच्याकडे जातो. कालवा बहुतेक ठिकाणी छाती-कमरेएवढाच असतो, ओरडून सांगा: उभा राहा! दोर टाका, काठाकडे घ्या, कोरडं करा, आणि जखम असेल तर धुवा. या पाण्यात उंदरांपासून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस असू शकतो. मदत मागवायची वेळ आली तर जागा कशी सांगणार? प्रत्येक पुलावर नंबराची पाटी असते. शेवटचा ओलांडलेला पूल सुकाणूवरच्या माणसाला नेहमी माहीत हवा.

## टप्पा ६: पानं

‘बोट ओढत नाही’ म्हणून कंपनीला फोन करणारे ऑक्टोबरात पुष्कळ. कारण साधं असतं. कालव्यावर पडलेली पानं पाणी पिऊन खाली बसतात आणि पाण्याच्या मधल्या थरात लगद्यासारखी तरंगतात. पंखा ती ओढून घेतो आणि पात्यांभोवती त्यांचा गोळा बसतो. वर काही दिसत नाही.

खुणा ओळखा. इंजिनाचा आवाज जड होतो, जिन्यावर ओझं घेऊन चढणाऱ्या माणसाच्या श्वासासारखा. धूर काळपट होतो. मागे पाणी खूप घुसळतं पण काठावरचं झाड तिथंच राहतं. अशा वेळी लोक थ्रॉटल वाढवतात. हीच चूक, गोळा आणखी घट्ट होतो.

क्रम असा:

1. थ्रॉटल कमी करून न्यूट्रल. पाच-सहा सेकंद थांबा.
2. रिव्हर्सला एक छोटा, जोरकस झटका. मागे तपकिरी पानांचा लोंढा वर आलेला दिसेल.
3. पुन्हा न्यूट्रल, थांबा, मग सावकाश पुढे.
4. नाही सुटलं तर एकदा पुन्हा. दाट झाडीतून जाताना पाच-दहा मिनिटांनी हे करावं लागतं, त्यात बोटीचं काही बिघडलेलं नसतं.
5. दोनदा करूनही दांडा थरथरत असेल तर नुसती पानं नाहीत. प्लास्टिकची पिशवी, दोरी, कुणाची तरी साडेतीन हात लांब ताडपत्री, काहीही असतं. काठाला बांधा.

मग वीड हॅच. इंजिन बंद, किल्ली काढून हात घालणाऱ्याच्याच खिशात. हा नियम सगळ्यांना मोठ्याने सांगा. स्क्रू सैल करून झाकण काढा, बाही वर करून हात घाला, चाचपडत काय आहे ते ओळखा. पाणी बर्फासारखं असतं, दोन-तीन मिनिटांनी बोटं बधिर होतात, दुसऱ्याला बसवा. तार असू शकते म्हणून ओढण्याआधी चाचपा. दोरी असेल तर सुरीने कापून तुकडे काढा आणि कचऱ्यात टाका, पाण्यात परत नाही.

तपासा: झाकण नीट बसलं? कडेची रबरी पट्टी वाकडी नाही? स्क्रू घट्ट? इंजिन सुरू करून पंखा हळू फिरवा आणि टॉर्चने बघा: एक थेंबही आत येता कामा नये. झाकण तिरकं राहून पूर्ण वेगात गेलात तर पंखाच पाणी बोटीत भरतो, आणि बोटी अशा बुडाल्या आहेत.

## टप्पा ७: लॉक

घाई करायची नाही ती इथे. मागे बोट येऊन थांबली की आपल्या लोकांना ओशाळं होतं आणि हात भराभर चालतात. थांबू दे तिला. ती माणसं बहुतेक वेळा उतरून मदतच करतात.

शब्द आधी. वरचं दार, खालचं दार, मध्ये हौद. दारांना लांब लाकडी तुळया, त्या ढकलून दार उघडतं. पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या झडपा म्हणजे पॅडल. विंडलास लावून फिरवतात. आणि सिल. सिल म्हणजे उंबरठाच. वरच्या दाराच्या खाली, हौदात पुढे आलेला दगडी किंवा काँक्रीटचा कट्टा. हौद भरलेला असताना तो दिसत नाही. तुम्ही खाली उतरत असता, पाणी दोन-तीन फूट ओसरतं, आणि बोटीच्या मागे काळा, पाणी ठिबकणारा कट्टा वर येताना दिसतो. बोटीचं शेपूट त्यावर टेकलं तर शेपूट तिथंच राहतं, तोंड पाण्याबरोबर खाली जातं. बोट बुडायला मग मिनिटंही लागत नाहीत.

### लॉककडे येताना

1. लॉकच्या आधीच्या थांब्यावर बोट लावा. सुकाणूवर एक माणूस, बाकीचे विंडलास घेऊन उतरतील. पाऊल टाकून उतरायचं, उडी मारायची नाही. नाशिकहून आलेल्या माझ्या नणंदेने ओल्या पानांवर उडी मारली आणि उरलेले तीन दिवस घोट्याला पट्टी बांधून केबिनमध्ये काढले.
2. बाजूला लटकवलेले फेंडर, म्हणजे धक्का झेलणाऱ्या उशा, वर घ्या. अरुंद लॉक सुमारे ७ फूट, बोट ६ फूट १० इंच. फेंडर अडकला की बोट अडकली.
3. समोरून कुणी येतंय का बघा. लॉक त्यांच्या बाजूने तयार असेल तर आधी त्यांना येऊ द्या. पाणी वाचतं.
4. दार पूर्ण उघडतंय का? पानगळीत उघड्या दाराच्या मागे पानं-फांद्यांचा ढीग साचतो आणि दार भिंतीला टेकत नाही. दोन इंचांनीही बोट फसते. दार थोडं मिटा, आकड्याच्या काठीने कचरा ओढा, पुन्हा उघडा.

### वर चढताना

1. हौद रिकामा, खालचं दार उघडं. हळू आत या.
2. खालचं दार बंद, खालच्या सगळ्या झडपा बंद. एक उघडी राहिली की हौद भरतच नाही आणि लोक वीस मिनिटं बघत बसतात.
3. सुकाणूवरच्याने हात वर केल्याशिवाय झडप उघडायची नाही.
4. आधी जमिनीवरच्या झडपा, त्याही अर्ध्या. बोट स्थिर झाली की पूर्ण.
5. दारातच झडपा असतील तर त्या पाण्याखाली गेल्यावरच. आधी उघडल्या तर पाण्याचा धबधबा थेट बोटीच्या पुढच्या खळग्यात कोसळतो.
6. बोटीचं तोंड वरच्या दाराच्या कुठल्या आडव्या लाकडाखाली अडकत नाही ना, हे एका माणसाने सतत बघायचं. दुसरं कुठलंच काम त्याला नाही.
7. पाणी समान झालं की दार उघडा. उघडत नसेल तर जोर लावू नका, अजून दोन बोटं पाणी बाकी असतं. तुळईला पाठ लावून, पाय रोवून उभं राहा. ते आपोआप सरकू लागतं.
8. बाहेर पडा, दार आणि झडपा बंद करा.

### खाली उतरताना

1. हौद भरा, वरचं दार उघडा, आत या.
2. बोट पुढे घ्या. काठावर सिलची खूण असते, बहुतेक पांढरी रेघ. शेपूट त्या रेघेच्या चांगलं पुढे हवं.
3. वरचं दार आणि वरच्या झडपा बंद.
4. सुकाणूवरच्याचा इशारा. मग खालची झडप अर्धी, नंतर पूर्ण.
5. पाणी उतरतं तशी बोट मागेपुढे होते. इंजिन हलकं पुढे ठेवून ती रेघेपुढे धरा. सुकाणूवरच्याने त्या वेळी फोनही बघायचा नाही, फोटोही नाही.
6. दोर खांबाला गाठ मारून बांधायचा नाही. एक वळसा द्या आणि हातात धरून सोडत राहा. बांधलेल्या दोरावर बोट लटकते.
7. समान झालं की खालचं दार उघडा, बाहेर या, सगळं बंद करा.

बोट अडकली तर ओरडायचा शब्द एकच ठरवा: ‘बंद!’ तो ऐकला की जिच्यातून पाणी वाहतंय ती झडप तत्काळ बंद. उतरताना शेपूट सिलवर टेकलं असेल तर खालच्या झडपा बंद करून मग वरच्या हळू उघडा. हौद भरून बोट तरंगू द्या. चढताना तोंड अडकलं असेल तर वरच्या बंद करून खालची थोडी उघडा. बोट ढकलून सोडवायला कुणीही मध्ये पडायचं नाही.

सावधान: विंडलास दांड्यावर लावून सोडू नका. खटका निसटला की ते गरगर फिरतं आणि हात मोडतं. झडप बंद करतानाही फिरवत खाली आणा, सोडून देऊ नका. दारावरून पलीकडे जाताना कठडा धरून. उघड्या दाराच्या फटीवरून उडी कधीच नाही. मुलांनी उभं राहायची जागा आधी दाखवून द्या, आणि लॉकच्या कडेला धावणं बंद.

## टप्पा ८: नदीचा तुकडा लागला तर

कालवा आणि नदी या वेगळ्या गोष्टी आहेत. सोर, एव्हन, सेव्हर्न, ट्रेंट, थेम्स या नद्या शरदातल्या पावसाने एका रात्रीत बदलतात, आणि पाऊस थांबल्यावरही कितीतरी तास चढत राहतात.

बऱ्याच नद्यांवर लॉकपाशी रंगीत पातळीपट्टी असते. पाणी हिरव्यात असेल तर जा. पिवळ्यात असेल तर नवख्यांनी थांबावं. लाल असेल तर कुणीच जायचं नाही. थेम्सवर लॉकवर फलक लागतात. पिवळे म्हणजे प्रवाह बदलतोय, लाल म्हणजे जोराचा प्रवाह, बांधून थांबा.

जायचंच असेल तर सगळ्यांच्या अंगात जॅकेट, नांगर दोरासकट जोडलेला आणि हाताशी. बंधाऱ्याकडे पाणी ओढतं, त्याच्या विरुद्ध काठाने चला. थांबताना तोंड प्रवाह जिकडून येतो तिकडे हवं, म्हणजे बोटीवर ताबा राहतो. प्रवाहाबरोबर जात असाल तर आधी मोकळ्या जागी वळवा. रात्री पाणी चढेल-उतरेल म्हणून दोरांना थोडी ढील.

नदी लाल दिसली आणि परतीची वाट तिच्यातून असेल, तर कंपनीला फोन करा आणि आहात तिथेच राहा. बोट दुसऱ्या ठिकाणी सोडून टॅक्सीने आलेली माणसं मला माहीत आहेत. त्यांनी बरोबर केलं.

## टप्पा ९: मुक्काम

सूर्यास्ताच्या तासभर आधी जागा शोधायला लागा. साडेतीनला चांगली जागा दिसली तर ‘अजून एक मैल’ करू नका.

जागा पायवाटेच्या बाजूला. पुलाखाली, वळणावर, लॉकच्या थांब्यावर, पाण्याच्या नळापाशी नाही. मोठ्या झाडाखालीही नको. रात्री वारा सुटला की फांद्या पडतात, आणि सकाळी छत पानांनी भरून निसरडं होतं.

आधी मधल्या दोराने बोट धरा, मग पुढचा आणि मागचा. काठाला लोखंडी पट्टी असेल तर तिच्यात आकडे अडकवा, ते खुंट्यांपेक्षा पक्के. नसेल तर खुंट्या ठोका. पावसाने माती मऊ झालेली असते, म्हणून तिरक्या आणि खोल. दोर बोटीपासून पुढे आणि मागे तिरके जाऊ द्या. खुंट्यांवर पांढरी पिशवी बांधा, अंधारात कुणी अडखळू नये.

विजेचा हिशेब इथे चुकतो. बॅटरी इंजिन चालल्यावरच भरते, दिवसाला तीन-चार तास तरी. आणि बांधलेल्या बोटीचं इंजिन रात्री ८ ते सकाळी ८ चालवायचं नसतं, शेजारी झोपलेले असतात. हेअर ड्रायर, विजेची किटली, इस्त्री विसरा. कुकर गॅसवर मजेत चालतो. वरण-भात, पिठलं, थालीपीठ, काही अडत नाही.

पाण्याची टाकी एक दिवसाआड भरा, तासभर धरून चला. शौचालयाची टाकी कशी आणि कुठे रिकामी करायची ते पहिल्याच दिवशी विचारा, भरल्यावर नाही.

शेगडीची राख धातूच्या बादलीत, ती बादली रात्रभर बोटीबाहेर काठावर. गार दिसणाऱ्या राखेत सकाळपर्यंत निखारा असतो.

तपासा, झोपण्याआधी: दोर घट्ट, अलार्मचा दिवा लागतोय, झरोके उघडे, टिलरची काढता येणारी दांडी आत घेतलेली, विंडलास आत.

## टप्पा १०: परतीचा दिवस

बोट बहुतेक ठिकाणी सकाळी ९ च्या सुमारास परत द्यायची असते. म्हणून आदल्या रात्रीचा मुक्काम कंपनीच्या तळापासून तासाभराच्या आत हवा, आणि मध्ये लॉक नको. ऑक्टोबरात सकाळी धुकं असतं. समोरचा पूल दिसत नसेल तर निघू नका, फोन करून उशीर होईल म्हणून कळवा.

निघण्याआधी रोजच्यासारखं तेल, ग्रीस, वीड हॅच. विंडलास मोजा. केबिनच्या भिंतीवरचं घड्याळ मोबाइलशी ताडून बघा: मधल्या रविवारी वेळ बदलली असेल तर ते अजून तासभर पुढेच असेल.